जनरल शर्मन आणि त्याच्या काळातली वर्तमानपत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्धात उत्तरेच्या विल्यम शर्मन या सेनापतीला वर्तमानपत्रांनी १८६१ साली वेडा ठरवलं आणि १८६४ साली डोक्यावर घेतलं. मधल्या काळात त्याने वार्ताहरांना छावणीतून हाकललं, एकाला लष्करी न्यायालयासमोर उभं केलं आणि पुढे त्याच वर्तमानपत्रांतून शत्रूला चकवायचे बेत रचले. या भांडणाबद्दल नेहमी जे विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे. फक्त ‘वेडा’ प्रकरणात रस असेल तर सरळ तिसऱ्या प्रश्नावर जा.

१. शर्मन म्हणजे तोच का, ज्याच्या नावाचा रणगाडा होता?

तोच. दुसऱ्या महायुद्धातल्या शर्मन रणगाड्याला त्याचंच नाव दिलं होतं आणि १९६५ च्या युद्धात आपल्या सैन्याकडेही ते रणगाडे होते. विल्यम टेकुम्से शर्मनचा जन्म ८ फेब्रुवारी १८२० चा, ओहायो राज्यातल्या लँकेस्टर गावचा. तो नऊ वर्षांचा असताना वडील गेले. घरात अकरा भावंडं. त्याला टॉमस युइंग या शेजारच्या वजनदार राजकारण्याने वाढवलं आणि पुढे त्यांच्याच मुलीशी, एलनशी, त्याचं लग्न झालं. १८४० मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडला, काही वर्षांनी सैन्य सोडलं, सॅन फ्रान्सिस्कोत बँक चालवली, मग लुइझियानात एका लष्करी विद्यालयाचा प्रमुख झाला. म्हणजे युद्ध सुरू होण्याच्या आदल्या वर्षी तो दक्षिणेतच नोकरी करत होता. दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली तेव्हा राजीनामा देऊन उत्तरेकडे आला. धाकटा भाऊ जॉन सेनेटर होता, हेही लक्षात ठेवा. वर्तमानपत्रांवरचा शर्मनचा बराचसा संताप आपल्याला कळतो तो या भावाला लिहिलेल्या पत्रांतून.

२. त्या काळी लढाईची बातमी छापून यायची कशी?

तारेने, आगगाडीने, बोटीने आणि घोड्यावरून, जसं जमेल तसं. तारयंत्र होतं, पण युद्धकाळात तारा सरकारच्या ताब्यात होत्या आणि लष्करी मजकुराला पहिला मान. त्यामुळे तारेने चार ओळींचा सारांश जायचा आणि मुख्य बातमीपत्र टपालाने, नाहीतर वार्ताहर स्वतःच खिशात घेऊन निघायचा. न्यू यॉर्कची ‘हेरल्ड’, ‘ट्रिब्यून’ आणि ‘टाइम्स’ ही तीन पत्रं एकमेकांवर कुरघोडी करायला टपलेली असत. पश्चिमेकडच्या आघाडीवर सिनसिनाटी आणि शिकागोच्या पत्रांचा जोर. फोटो काढले जात, पण वर्तमानपत्रात ते छापायची सोय नव्हती. चित्रकार रेखाटन पाठवत आणि लाकडी ठोकळ्यावर ते कोरून साप्ताहिकं छापत.

बातमीखाली वार्ताहराचं खरं नाव नसे. कुणी ‘अगेट’, कुणी नुसती आद्याक्षरं. जबाबदारी कुणावर टाकायची हेच कळत नसल्यामुळे जनरल हूकरने एप्रिल १८६३ मध्ये आपल्या सैन्यातल्या वार्ताहरांना नाव घालूनच बातमी द्यायची सक्ती केली. आज पत्रकार ज्या नावाच्या ओळीसाठी धडपडतात, ती तेव्हा शिक्षेसारखी लादावी लागली होती.

आणखी एक गोष्ट. पत्रं उघडपणे पक्षाची होती. कोणता सेनापती चांगला आणि कोणता नालायक हे बऱ्याचदा मालकाच्या राजकारणावरून ठरे, आणि काही सेनापती वार्ताहरांना जेवायला बसवून आपलं नाव मोठं करून घेत. शर्मनला या दुसऱ्या प्रकाराची तर शिसारीच होती.

३. शर्मन खरंच वेडा झाला होता का?

नाही. पण ‘सगळं वर्तमानपत्रांनी रचलं’ असं म्हणणंही खरं नाही.

ऑक्टोबर १८६१ मध्ये केंटकी राज्यातली कमान त्याच्याकडे आली. हाताशी फौज तुटपुंजी, नवखी, आणि समोर शत्रू किती आहे याचा अंदाज नाही. शर्मनला तो दिसायचा त्याहून मोठा वाटू लागला. १७ ऑक्टोबरला युद्धमंत्री सायमन कॅमेरन लुईव्हिलला आले आणि गाल्ट हाउस हॉटेलात बैठक झाली. खोलीत बाहेरची माणसं आहेत हे पाहून शर्मन बोलायला कचरत होता. ही सगळी आपलीच माणसं, मोकळेपणाने बोला, असं मंत्र्यांनी सांगितलं. मग तो बोलला. बचावासाठी ६०,००० माणसं लागतील आणि हे युद्ध चढाई करून संपवायचं तर २,००,०००. मंत्री हादरले. आणि त्या ‘आपल्या माणसांत’ ‘न्यू यॉर्क ट्रिब्यून’चा सॅम्युअल विल्कसन बसलेला होता! थोड्याच दिवसांत त्या दौऱ्याचा सरकारी अहवाल ‘ट्रिब्यून’मध्ये छापून आला, दोन लाखांच्या आकड्यासकट. त्या आकड्याला काय पार्श्वभूमी होती, प्रश्न काय विचारला होता, ते मात्र वाचकांना कुणी सांगितलं नाही.

त्या दिवसांतलं त्याचं वागणंही लोकांच्या डोळ्यांवर येण्यासारखंच होतं. रात्रीची झोप नाही, जेवणाचं भान नाही. गंमत म्हणजे वार्ताहरांना शिव्या देणारा हा माणूस रोज रात्री लुईव्हिलमधल्या असोसिएटेड प्रेसच्या कचेरीत जाऊन बसायचा, कारण ताज्या तारा तिथे येत. सिगारमागून सिगार ओढत, स्वतःशी पुटपुटत येरझारा घालायचा. हे पाहणारे सगळे बातमीदारच होते. त्यातल्या हेन्री व्हिलार्डने ‘सिनसिनाटी कमर्शियल’चा संपादक म्युराट हॉल्स्टेड याच्या कानावर ही हकीकत घातली.

नोव्हेंबरमध्ये शर्मनला केंटकीतून हलवलं, मिझुरीत जनरल हॅलेकच्या हाताखाली पाठवलं. तिथेही मन थाऱ्यावर नव्हतं. हॅलेकने त्याला वीस दिवसांच्या रजेवर घरी धाडलं. तो घरी असतानाच, ११ डिसेंबर १८६१ ला, ‘कमर्शियल’ने मथळा दिला: जनरल शर्मन वेडा. केंटकीत असताना तो ठार वेडा होता, केंटकी सोडून माघार घ्यायची परवानगी मागणाऱ्या तीन तारा त्याने एकाच दिवशी युद्धखात्याला केल्या, असा मजकूर. तारांची गोष्ट खोटी होती. मेहुण्याने लिहिलेला खुलासा त्याच पत्राने नंतर छापला, पण तोवर देशभरच्या पत्रांनी मथळा उचलला होता.

आता दुसरी बाजू. एलनने स्वतःच दिराला लिहिलेल्या पत्रात शर्मन घराण्यातल्या मनोविकाराचा उल्लेख केला होता. आणि जानेवारी १८६२ मध्ये शर्मनने भावाला लिहिलं की केंटकीत शत्रूचं बळ फुगवून सांगितल्याची लाज इतकी वाटते, की मुलं नसती तर मी जीव दिला असता. म्हणजे मनाने तो पार खचला होता यात शंका नाही. आजचा डॉक्टर त्याला काही नाव देईल; दीडशे वर्षांनी आपण ते देऊ नये. वर्तमानपत्राने आजारी माणसाचा वेडा केला, एवढं मात्र म्हणता येतं. एलन वडिलांना घेऊन थेट वॉशिंग्टनला गेली, लिंकनला भेटली. हॅलेकनेही पाठराखण केली आणि शर्मन हळूहळू रुळावर आला.

४. शायलोच्या लढाईत तो गाफील सापडला, यामागे ‘वेडा’ प्रकरण होतं का?

माझ्या मते होतं. ५ एप्रिल १८६२ ला टेनेसीतल्या शायलो चर्चजवळ त्याची छावणी होती. पुढच्या चौक्यांवरून सारख्या खबरी येत होत्या की झाडीत शत्रू आहे. ओहायोच्या एका पलटणीचा कर्नल फारच घाबरला तेव्हा शर्मनने त्याला झापलं: घेऊन जा तुझी पलटण ओहायोला परत, शत्रू कॉरिंथ गावाच्या अलीकडे नाही. त्याच दिवशी आपला वरिष्ठ जनरल ग्रँट याला कळवलं की हल्ल्यासारखं काही होईल असं वाटत नाही. पाच महिन्यांपूर्वी जिथे तिथे शत्रू दिसतो म्हणून ज्याची देशभर छी-थू झाली, तो माणूस पुन्हा ‘शत्रू आला’ म्हणून बोंब मारायला धजेल कसा? दुसऱ्या दिवशी पहाटे दक्षिणेची अख्खी फौज त्याच झाडीतून बाहेर पडली.

लढताना मात्र तो कमालीचा थंड डोक्याने लढला. हाताला गोळी लागली, अंगाखालचे तीन घोडे मेले, तरी फळी धरून राहिला. दोन दिवसांत दोन्हीकडचे मिळून सुमारे २३,७०० लोक मेले, जखमी झाले किंवा हरवले. एवढी मोठी कत्तल अमेरिकेने तोवर पाहिली नव्हती.

मग आलं ‘अगेट’चं बातमीपत्र. ‘अगेट’ म्हणजे ‘सिनसिनाटी गॅझेट’चा व्हाइटलॉ रीड, वय जेमतेम चोवीस. एकोणीस हजारांहून जास्त शब्दांचा तो वृत्तांत देशभर गाजला. सैनिक तंबूत झोपेत असतानाच संगिनींनी भोसकले गेले, असं त्यात होतं. हे अतिरंजित होतं. पण सैन्य बेसावध होतं, खंदक खणलेले नव्हते, हा रीडचा मूळ आरोप खोटा नव्हता. शर्मनने मात्र दोन्ही गोष्टी एकाच दमात नाकारल्या आणि जन्मभर नाकारत राहिला. इथे माझी सहानुभूती वार्ताहराकडे आहे.

या गदारोळात ग्रँटही इतका वैतागला की सैन्य सोडून निघाला होता. सामानाच्या पेट्यासुद्धा बांधून झाल्या होत्या. शर्मनने त्याला थांबवलं. माझ्याकडे बघ, म्हणाला, एका वर्तमानपत्राने वेडा म्हटलं म्हणून मी संपलो होतो, आणि एका लढाईने मला पुन्हा उभं केलं. ग्रँट थांबला.

५. वार्ताहराला लष्करी न्यायालयासमोर उभं केलं, तो प्रकार काय होता?

डिसेंबर १८६२. शर्मन ३२,००० च्या आसपास फौज घेऊन मिसिसिपी नदीतून दक्षिणेच्या ताब्यातल्या व्हिक्सबर्ग शहरावर निघाला होता. निघतानाच हुकूम काढला: मोहिमेबरोबर एकही बाहेरचा माणूस येणार नाही आणि छापण्यासाठी बातम्या लिहिणारा कुणी सापडला तर त्याला हेर समजलं जाईल. तरीही ‘न्यू यॉर्क हेरल्ड’चा टॉमस नॉक्स बोटीवर चढलाच.

चिकासॉ बायू नावाच्या दलदलीत हल्ला फसला. उत्तरेचं नुकसान १,७७६ माणसांचं, दक्षिणेचं जेमतेम दोनशेच्या घरात. नॉक्सने लांबलचक वृत्तांत लिहून टपालात टाकला. शर्मनच्या अधिकाऱ्याने पाकीट फोडलं, मजकूर काढून घेतला. नॉक्सने वरच्या पट्टीत दुसरा लिहिला आणि नदीच्या वरच्या अंगाला जाऊन तो धाडून दिला. १८ जानेवारी १८६३ ला तो ‘हेरल्ड’मध्ये आला. त्यात जखमींची आबाळ होती, सेनापतीचा ढिसाळपणा होता आणि आडवळणाने त्याच्या डोक्याचाही उल्लेख होता.

शर्मनने त्याला पकडून आणलं आणि लेखातलं एकेक वाक्य समोर ठेवून विचारलं, हे कुठून आणलंस? नॉक्सने बऱ्याच चुका लेखी कबूल केल्या. पण समोरासमोर जे बोलला ते शर्मनच्या काळजात रुतलं: तुमच्याबद्दल व्यक्तिशः माझं काही नाही, पण तुम्ही आमच्या जमातीचे शत्रू मानले जाता, तेव्हा स्वतःच्या बचावासाठी आम्हाला तुम्हाला खाली ओढणारं लिहावंच लागतं.

फेब्रुवारीत खटला उभा राहिला. आरोप तीन: शत्रूला माहिती पुरवली, हेरगिरी केली, हुकूम मोडला. पहिले दोन सिद्ध झाले असते तर मरणाची शिक्षा होती. न्यायालयाने त्यातून नॉक्सला सोडलं. फक्त हुकूम मोडल्याबद्दल दोषी धरून सैन्याच्या हद्दीबाहेर काढलं. शर्मन चिडला. वर्तमानपत्रात छापलेली माहिती म्हणजे शत्रूला दिलेली माहिती, हे तत्त्व त्याला कायमचं ठरवून घ्यायचं होतं आणि नेमकं तेच न्यायालयाने टाळलं. शत्रूच्या हाती अमुक अंक पडला आणि त्याचा अमुक फायदा झाला, हे दाखवणं सोपं नव्हतं.

पुढचा भाग लिंकनच्या चतुराईचा. पत्रकारांनी रदबदली केली तेव्हा लिंकनने २० मार्चला शिक्षा रद्द केली, पण अट घातली: ग्रँटची संमती हवी. ग्रँट म्हणाला, शर्मनची संमती असेल तर माझी आहे. चेंडू फिरून शर्मनकडेच आला. त्याने एप्रिलमध्ये नॉक्सला उत्तर लिहिलं: हातात तलवार किंवा बंदूक घेऊन ये, आमच्या उन्हापावसात वाटेकरी हो, मी तुझं स्वागत करीन; पण वर्तमानपत्राचा प्रतिनिधी म्हणून येणार असशील तर माझं उत्तर आहे, कदापि नाही.

६. वार्ताहर मेल्याची खबर आली तेव्हा ‘आता नाश्त्याआधी नरकातून बातम्या येतील’ असं तो म्हणाला, हे खरं का?

त्याच्या नावावर हे वाक्य फार जुनं आहे आणि त्याच्या तोंडी शोभतंही. प्रसंग मे १८६३ चा. तीन वार्ताहर ज्या तराफ्यावरून रात्री व्हिक्सबर्गच्या तोफांसमोरून निघाले होते तो पेटला आणि ते बुडाले अशी खबर आली. प्रत्यक्षात तिघेही जिवंत होते, दक्षिणेच्या कैदेत. त्यातले ‘ट्रिब्यून’चे अल्बर्ट रिचर्डसन आणि जूनियस ब्राउन दीड वर्षाहून जास्त तुरुंगात सडले आणि डिसेंबर १८६४ मध्ये सॉल्सबरीच्या तुरुंगातून पळाले.

७. वर्तमानपत्रांतून लष्करी गुपितं खरंच फुटत होती की शर्मनचा तो कांगावा होता?

फुटत होती, आणि दोन्हीकडून. ग्रँट रिचमंडची पत्रं नेमाने वाचायचा, दक्षिणेचे सेनापती न्यू यॉर्कची. पहाऱ्यावरचे शिपाई तंबाखूच्या बदल्यात वर्तमानपत्रं देत-घेत, त्यामुळे अंक पोचायला फार अडचणही नव्हती.

सगळ्यात झणझणीत उदाहरण खुद्द शर्मनच्या फायद्याचं आहे. सप्टेंबर १८६४ मध्ये अटलांटा पडल्यावर दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस धीर द्यायला जॉर्जियात आला. जनरल हूड आता शर्मनच्या पिछाडीला जाऊन त्याची रसद तोडणार, हे त्याने भाषणांतून जवळजवळ सांगूनच टाकलं. भाषणं दक्षिणेच्या वर्तमानपत्रांनी छापली. ती वाचून शर्मनला शत्रूची पुढची चाल घरबसल्या कळली.

दोन महिन्यांनी तीच पाळी त्याच्यावर आली. समुद्राकडे कूच करायचा त्याचा बेत इंडियानापोलिसच्या एका पत्राने छापला आणि न्यू यॉर्कने उचलला. पण तोवर शर्मन शहाणा झाला होता. त्याने वॉशिंग्टनला तार केली: खरं जवळपास छापलंच गेलं असेल तर त्यावर खोट्याचा मारा करा, शर्मनला घोडदळाची कुमक मिळाली, तो हूडला घेरणार, त्याचा रोख चार्ल्सटनवर नाही, सेल्मावर आहे, असं काहीबाही छापून आणा. वार्ताहर खोटं लिहितात म्हणून तीन वर्षं आगपाखड करणाऱ्याची ही तार!

मला वाटतं, इथे त्याच्या रागाची गाठ सुटते. त्याच्या तक्रारी दोन होत्या. पत्रं माझ्याबद्दल खोटं छापतात, ही एक. पत्रं माझ्या सैन्याबद्दल खरं छापतात, ही दुसरी. पहिली दुखावलेल्या माणसाची, दुसरी सेनापतीची. दुसरीत दम होता. पण तो दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून फिरायचा, म्हणून नॉक्सच्या खटल्यात न्यायाधीश झालेल्या सैनिकी अधिकाऱ्यांनाही ती पटली नाही.

८. दक्षिणेच्या वर्तमानपत्रांचं काय झालं?

कागद संपला, शाई संपली, जुळारी लढाईवर गेले. तरी काहींनी चिकाटी सोडली नाही. ‘मेम्फिस अपील’ हे पत्र तर शहर पडायच्या आत यंत्रसामग्री आगगाडीत टाकून निघालं आणि ग्रेनाडा, जॅक्सन, अटलांटा, माँटगोमेरी अशा गावांतून छापत राहिलं. एप्रिल १८६५ मध्ये जॉर्जियातल्या कोलंबसला ते हाती लागलं. लोक त्याला फिरतं ‘अपील’ म्हणत.

सगळ्यात चटका लावणारं उदाहरण व्हिक्सबर्गच्या ‘डेली सिटिझन’चं. ग्रँटचा वेढा पडला होता, त्यात शर्मनचं पंधरावं कोअर होतं. शहरात कागद उरला नाही तेव्हा संपादक जे. एम. स्वोर्ड्‌सने भिंतीला चिकटवायचा फुलापानांचा रंगीत कागद घेतला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर अंक छापला. चार स्तंभ मजकुराचे. उलटं केलं की बैठकीच्या खोलीतली नक्षी. २ जुलै १८६३ च्या अंकात खेचराच्या मांसाची तारीफ आहे आणि एक टोमणा आहे: ग्रँट म्हणे ४ जुलैला व्हिक्सबर्गमध्ये जेवणार, जेवायच्या आधी शहरात शिरावं लागतं, ससा शिजवायचा तर आधी तो धरावा लागतो.

४ जुलैला शहर शरण आलं. उत्तरेचे शिपाई छापखान्यात शिरले तर त्या पानाचे खिळे जुळवलेले तसेच पडलेले. त्यांनी बाकी पानाला हात लावला नाही. खाली एक टीप तेवढी जोडली: दोन दिवसांत फार फरक पडतो. ग्रँटने ससा धरला आहे, तो व्हिक्सबर्गमध्ये जेवला आहे, आणि जेवण स्वतःचं घेऊन आला होता. भिंतीच्या कागदावरचा हा शेवटचा अंक, पुढे नवलाची वस्तू म्हणून याला किंमत येईल. आणि ती आलीच.

९. समुद्राकडच्या कूचीत महिनाभर त्याचा पत्ता नव्हता म्हणतात. मग लोकांना कळायचं काय?

नोव्हेंबर १८६४ च्या मध्याला तो सुमारे ६२,००० माणसं घेऊन अटलांटातून निघाला. मागची तार तोडून टाकलेली. उत्तरेतल्या संपादकांकडे शर्मनच्या बातमीचा एकच झरा उरला, दक्षिणेची वर्तमानपत्रं, आणि त्यांत तर शर्मन रोज उपाशी मरत होता नाहीतर घेरला जात होता. लिंकनला कुणी विचारलं तर तो म्हणे, कुठल्या बिळातून आत शिरला ते ठाऊक आहे, कुठल्या बिळातून बाहेर येईल ते सांगता येत नाही. बरोबर मोजके वार्ताहर आणि चित्रकार होते, पण लिहिलेलं पाठवणार कसं? वार्ताहर बंदीच्या कुठल्याही हुकुमाने जे साधलं नव्हतं ते तुटलेल्या तारेने साधलं.

१३ डिसेंबरला सव्हाना शहराबाहेरचा फोर्ट मॅकॅलिस्टर पडला आणि समुद्रावरच्या नौदलाशी गाठ पडली. महिन्याभराची टपालाची पोती उघडली. त्या दिवसांत एका न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रात शर्मनने वाचलं की आपला तान्हा मुलगा चार्ल्स गेला. जूनमध्ये जन्मलेलं ते बाळ त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

सव्हाना २१ डिसेंबरला हाती आलं. शर्मनने लिंकनला संदेश धाडला: ख्रिसमसची भेट म्हणून सव्हाना शहर, दीडशे तोफा, भरपूर दारूगोळा आणि सुमारे २५,००० गाठी कापूस सादर. हा मजकूर वाचताना वाटतं, छापण्यासाठीच लिहिला असावा. उत्तरेतल्या प्रत्येक पत्राने तो छापला. आणि याच गृहस्थाने सव्हानात पाच दिवसांत हुकूम काढला: शहरात दोनपेक्षा जास्त वर्तमानपत्रं निघणार नाहीत, खोडसाळ मजकूर, वेळेआधीची बातमी, फुगवलेली विधानं किंवा अधिकाऱ्यांवर कसलीही टीका आली तर संपादकाच्या अंगावर आणि मालमत्तेवर कडक शिक्षा होईल.

१०. म्हणजे शेवटी वर्तमानपत्रांशी त्याचं जमलं?

चार महिनेच. १७ एप्रिल १८६५ ला तो नॉर्थ कॅरोलिनात दक्षिणेच्या जनरल जॉन्स्टनशी शरणागतीची बोलणी करायला आगगाडीत चढत होता. तेवढ्यात तारवाल्याने थांबवलं, महत्त्वाची सांकेतिक तार उलगडतेय म्हणाला. ती लिंकनच्या खुनाची होती. शर्मनने तारवाल्याला विचारलं, आणखी कुणाला सांगितलंस? नाही म्हटल्यावर, मी परतेपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी ताकीद दिली आणि तो कागद खिशात घालून गेला. शेतकऱ्याच्या एका साध्या घरात जॉन्स्टनला एकटं गाठून तो दाखवला. वाचताना जॉन्स्टनच्या कपाळावर घाम फुटला. परत आल्यावर सैन्याला कसं सांगायचं, कधी सांगायचं, पहारे कुठे वाढवायचे, हे आधी ठरलं, मग बातमी फुटली. सूड म्हणून राली शहर जाळलं गेलं नाही. बातमी कुणाच्या हाती, कधी पडावी याबद्दल त्याचं म्हणणं इतकं खरं दुसऱ्या कुठल्याच दिवशी ठरलं नाही.

पण त्याने जॉन्स्टनला दिलेल्या अटी फारच उदार होत्या आणि राजकीय विषयांत शिरणाऱ्या होत्या. वॉशिंग्टनने त्या फेटाळल्या, ते रास्तच. गैर होतं ते पुढचं: युद्धमंत्री स्टँटनने फेटाळण्याची कारणं थेट वर्तमानपत्रांना दिली आणि शर्मनच्या हालचालींमुळे जेफरसन डेव्हिस सोनं घेऊन निसटू शकेल असा संशयही सुचवला. २४ एप्रिलच्या ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये ते आलं आणि शर्मन पुन्हा एकदा वेडा, वर देशद्रोही. मे महिन्यात वॉशिंग्टनच्या विजयसंचलनात, मंचावर सगळ्यांसमोर, स्टँटनने हात पुढे केला तेव्हा शर्मनने तो घेतला नाही.

११. या सगळ्याचा मुंबईशी काही संबंध?

कापसाचा. दक्षिणेची बंदरं बंद पडल्यावर लँकेशरच्या गिरण्यांना कापूस पुरवायला वऱ्हाड, खानदेश आणि गुजरात उरले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ हे नाव १८६१ चं, ‘इंदुप्रकाश’ १८६२ चं, म्हणजे मुंबईची पत्रसृष्टी बाळसं धरत होती ती याच वर्षांत. अमेरिकेतल्या लढाईची खबर इथे आठवड्यांनी पोचायची आणि तिच्यावर भाव वरखाली व्हायचे. युद्ध लांबणार यावर अख्खी सट्टेबाजी उभी होती. बॅक बे भरावाच्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० वर गेला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला आणि फुगा फुटला. १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकवायची वेळ आली तेव्हा पेढ्यामागून पेढ्या बसल्या, बडे सट्टेबाज प्रेमचंद रायचंदसुद्धा सुटले नाहीत.

१२. म्हातारपणी त्याचं मत बदललं का?

थोडं मवाळ झालं. १८७५ मध्ये आलेल्या आठवणींत वार्ताहर म्हणजे जगाचे चुगलखोर, छावणीतल्या कुचाळक्या गोळा करून विकणारे, हे आहेच. पण लगेच पुढे कबुली आहे, की लोकांना युद्धाच्या बातम्यांची इतकी हाव असते की सगळ्या वार्ताहरांना बाहेर ठेवणारा सेनापती स्वतःच गोत्यात येईल, आणि या नव्या अडचणीवर काळच तोडगा काढेल. १८९१ च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्कला तो वारला. अंत्ययात्रेत थंडीत टोपी काढून चाललेला म्हातारा जॉन्स्टन पुढच्याच महिन्यात गेला.

१३. ही मूळ वर्तमानपत्रं आज वाचायला मिळतात का?

मिळतात, आणि घरबसल्या. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने त्या काळच्या वर्तमानपत्रांची लाखो पानं फुकट उपलब्ध करून दिली आहेत. ‘न्यू यॉर्क ट्रिब्यून’चे युद्धकाळातले अंक त्यात आहेत. अक्षर बारीक, स्तंभ दाटीवाटीचे, त्यामुळे पान मोठं करूनच वाचा. तारेच्या बातम्या आधी पाहा आणि मग दोन-चार दिवसांनी आलेलं त्याच लढाईचं लांब बातमीपत्र काढा. किती फरक पडतो ते दिसेल. व्हिक्सबर्गच्या ‘डेली सिटिझन’चा भिंतीच्या कागदावरचा अंक कुणी विकायला काढला तर मात्र जपून. ४ जुलैची टीप असलेल्या त्या पानाच्या नकला पुढे अनेकदा, अनेकांनी छापल्या, त्याही नक्षीच्या कागदावर. अस्सल अंकाची मापं आणि अक्षरजुळणीच्या खुणा त्याच ग्रंथालयाने प्रसिद्ध केल्या आहेत. पैसे मोजण्याआधी त्या ताडून घ्या.